सुरतचा प्लेग आणि रक्तरसाची साक्ष



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी लिहायला शिकलो, त्याच शाळेने सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला बोलवावे, याचा मला आनंद आहे आणि थोडा संकोचही. मी इतिहासकार नाही. माझे आयुष्य प्रयोगशाळेत नळ्या धुण्यात आणि पट्ट्या वाचण्यात गेले. तरीही आज मी इतिहासाचाच विषय निवडला आहे, कारण तो या शहराचा आहे आणि येथे बसलेल्या अनेकांनी तो अंगावर झेललेला आहे. सप्टेंबर १९९४ मधील सुरतचा प्लेग हा तो विषय. मात्र त्यातील घबराट, पलायन, कचरा आणि स्वच्छता यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. मला त्यातल्या एका लहानशा, पण मला फार महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. तो रोग प्लेगच होता, हे कोणी आणि कशावरून ठरविले?

'कशावरून?' हा शब्द उच्चारताच जुन्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला येथून दिसते. विज्ञानाच्या तासाला उत्तर बरोबर असो वा चूक, सरांचा पुढचा शब्द ठरलेला असे. पाणी शंभर अंशाला उकळते असे म्हटले की 'कशावरून?' पृथ्वी गोल आहे, 'कशावरून?' त्या वर्षी शहर रिकामे होत असताना सर येथेच राहिले. त्या दिवसांतील मराठी, गुजराती आणि इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणे त्यांनी एका दोनशे पानी वहीत चिकटवून ठेवली आणि बहुतेक कात्रणांच्या शेजारी तांबड्या शाईने तोच एक शब्द लिहिला. ती वही त्यांच्या कुटुंबीयांनी काही काळ माझ्या स्वाधीन केली होती. आजचे व्याख्यान एका अर्थाने त्या तांबड्या शाईला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यातील अनेक गावांत लोक घरे सोडून पत्र्याच्या निवाऱ्यात राहू लागले. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असा तर्क पुढे अनेक अभ्यासकांनी मांडला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागल्याची आणि पिसवांचा उपद्रव वाढल्याची तक्रार आली. त्या महिन्याच्या अखेरीस काखेत, जांघेत गाठी आलेले रुग्ण आढळले. हा गाठीचा प्लेग. ज्याला आपल्या पणजोबांच्या काळची मराठी पत्रे 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, तोच. भारतात माणसाला झालेल्या प्लेगची शेवटची नोंद १९६६ सालची होती. अठ्ठावीस वर्षे या रोगाचे नाव फक्त पाठ्यपुस्तकात उरले होते. वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या एका संपूर्ण पिढीने प्लेगचा रुग्ण डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

इकडे सुरतेत पावसाळा जोराचा झाला होता, तापीला पूर येऊन गेला होता आणि सखल वस्त्यांतील चिखल वाळलेला नव्हता. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. त्यानंतर एक-दोन दिवसांत वेड रोडच्या परिसरातून तीव्र ताप, छातीत कळ आणि रक्तमिश्रित थुंकी अशी लक्षणे असलेले तरुण इस्पितळात येऊ लागले आणि काही तासांत दगावू लागले. २१-२२ सप्टेंबरला 'फुप्फुसाचा प्लेग' हे शब्द शहरभर झाले. पुढचे आपणास ठाऊक आहे. सुमारे पंधरा लाख वस्तीच्या शहरातून काही दिवसांत लाखो माणसे निघून गेली. खाजगी दवाखान्यांना कुलुपे लागली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. नव्या सिव्हिल हॉस्पिटलातून रुग्ण पळून जात, म्हणून तेथे पहारा बसवावा लागला. ताप्ती लाइनच्या गाड्यांना डब्यांच्या टपावरही माणसे होती. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील आपली खानदेशी मंडळी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशी परतली. सुरतेत पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मृत्यूंचा हा आकडा त्या मानाने लहानच म्हटला पाहिजे, पण त्याचा धाक मोठा होता. परदेशी विमाने येईनाशी झाली, आखाती देशांनी भारताशी व्यवहार आखडता घेतला आणि जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक डॉ. हिरोशी नाकाजिमा यांना स्वतः भारतात यावे लागले.

आणि याच गदारोळात एक दुसरा आवाज उठला, की हा प्लेग नव्हेच. वेल्लोरचे नामांकित विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकातून शंका उपस्थित केल्या. कोणी मेलिऑयडोसिसचे नाव घेतले, कोणी हंता विषाणूचे, कोणी लेप्टोस्पायरोसिसचे. शंका घेणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. फुप्फुसाचा प्लेग श्वासावाटे पसरतो, मग एकाच घरातील इतरांना, डॉक्टरांना, परिचारिकांना तो फारसा का झाला नाही? पळून गेलेल्यांनी तो गावोगाव कसा नेला नाही? थुंकीतील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद रंगलेले, सेफ्टी पिनसारखे दिसले हे खरे, पण तसे दिसणारे इतरही जंतू आहेत. निर्णायक पुरावा म्हणजे जंतू पोषकावर वाढवून त्याची ओळख पटविणे. पहिल्या आठवड्यांत असा निर्विवाद पुरावा कोणी पुढे ठेवू शकले नाही. नमुने घेण्यापूर्वीच बहुतेकांनी टेट्रासायक्लिन घेतलेले होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे प्लेगचे निदान करणारी व्यवस्था आपण अठ्ठावीस वर्षांत हळूहळू झिजू दिली होती. या दुसऱ्या कारणाबद्दल मला आजही राग येतो. ज्या देशाने परळची प्लेग प्रयोगशाळा उभारलेली पाहिली, ज्या देशात वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, त्या देशावर ही पाळी यायला नको होती.

मग सरकारने जाहीर केलेले आकडे कशावर आधारलेले होते? ते रक्तरसावर, म्हणजे सीरमवर, आधारलेले होते. २६ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर १९९४ या काळात जागतिक आरोग्य संघटनेकडे ६९३ संशयित रुग्णांची नोंद झाली. त्या सर्वांच्या रक्तात प्लेगच्या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड आढळले होते. मृत्यू ५६. या ६९३ पैकी महाराष्ट्रातील ४८८, गुजरातमधील ७७, दिल्लीतील ६८, कर्नाटकातील ४६, उत्तर प्रदेशातील १० आणि मध्य प्रदेशातील ४. येथे श्रोत्यांनी क्षणभर थांबावे. जगभर नाव गाजले ते सुरतचे, आणि गुजरातच्या वाट्याला केवळ ७७! सरांनी या आकड्यांभोवती वर्तुळ काढून शेजारी दोनदा 'कशावरून? कशावरून?' असे लिहिले आहे. दोनदा लिहिलेले पान सबंध वहीत हे एकच.

ही विसंगती समजण्यासाठी प्रतिपिंड म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. शरीरात परका पदार्थ शिरला की त्याच्या पृष्ठभागावरील विशिष्ट आकाराला धरून ठेवणारी प्रथिने शरीर तयार करते. हे प्रतिपिंड, आणि ज्याला ते धरतात तो प्रतिजन. सामान्य प्रतिपिंडाला दोन हात असतात आणि दोन्ही हातांची पकड एकाच आकाराची असते. ते तयार व्हायला साधारण एक आठवडा लागतो आणि एकदा तयार झाले की महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रक्तात राहतात. फुप्फुसाच्या प्लेगने दोन-तीन दिवसांत दगावलेल्या तरुणाच्या रक्तात प्रतिपिंड सापडण्याची शक्यता नाही, कारण ते तयार होण्याइतका अवधीच त्याला मिळाला नाही. औषध लवकर घेतलेल्याच्या रक्तातही ते उशिरा किंवा कमी येतात. उलट गाठीचा प्लेग होऊन वाचलेल्या, किंवा पूर्वी कधी जंतूशी संपर्क आलेल्या ग्रामस्थाच्या रक्तात ते सापडतील. तेव्हा रक्तरसाची साक्ष ही वाचलेल्यांची साक्ष असते, मेलेल्यांची नव्हे. बीडचे आकडे फुगलेले आणि सुरतचे रोडावलेले दिसतात, त्यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते.

रक्तरसावरून रोग ओळखण्याची कल्पना मूळची १८९६ सालची. त्या वर्षी पॅरिसमध्ये फर्नांद विदाल यांनी विषमज्वराच्या निदानासाठी तिचा उपयोग केला. रुग्णाचा रक्तरस आणि जंतू एकत्र केले की जंतूंचे गठ्ठे बनतात, याला समूहन म्हणतात. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पण समूहनाची ही साक्ष फसवीही असते, हे लवकरच लक्षात आले. एका जंतूविरुद्धचा रक्तरस त्याच्या चुलत जंतूचेही गठ्ठे करतो. मग खरा अपराधी कोणता? यावर १९०२ मध्ये आल्दो कास्तेलानी या इटालियन वैद्याने काढलेली तोड फार सुंदर आहे. रक्तरसात एका जंतूची भरपूर मात्रा आधीच मिसळावी, त्याला धरणारे सर्व प्रतिपिंड त्यात गुंतून जाऊ द्यावेत, आणि उरलेल्या रक्तरसात दुसऱ्या जंतूला धरण्याची शक्ती शिल्लक आहे काय ते पाहावे. ज्याचे दोन्ही हात आधीच भरलेले आहेत, तो आणखी काय धरणार? पुढे १९३० च्या दशकात कार्ल लँडस्टायनर यांनी, म्हणजे रक्तगट शोधणाऱ्या त्याच शास्त्रज्ञांनी, हाच विचार थेट अमिनो आम्लांच्या लहानशा साखळ्यांपर्यंत, म्हणजे पेप्टाइडपर्यंत नेला. दोन-चार मण्यांची साखळीदेखील प्रतिपिंडाचे हात अडवू शकते, हे त्यांनी दाखविले.

प्लेगच्या बाबतीत हे तत्त्व कामास आणण्याचे श्रेय सॅन फ्रान्सिस्को येथील कार्ल मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. १९५२ मध्ये या गटाने प्लेगच्या जंतूच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव फ्रॅक्शन-१. जंतू पिसवाच्या थंड शरीरात असताना हे आवरण फारसे बनत नाही. माणसाच्या किंवा उंदराच्या उबदार शरीरात, ३७ अंशाला, ते भरघोस बनते. प्लेगच्या जंतूचे हे जणू खास लेणे असल्याने त्याविरुद्धचा प्रतिपिंड ही चांगली खूण ठरते. मेंढीच्या तांबड्या पेशी टॅनिक आम्लात बुडवून त्यांवर फ्रॅक्शन-१ चिकटवायचे. रुग्णाचा रक्तरस खळग्या-खळग्यांतून दुप्पट-दुप्पट पातळ करीत न्यायचा आणि प्रत्येक खळग्यात या पेशी टाकायच्या. प्रतिपिंड नसेल तर पेशी घसरून तळाशी बटणासारखा ठिपका होतो. असेल तर त्या एकमेकींना धरून खळग्यात चटईसारख्या पसरतात. ही झाली पहिली ओळ.

परंतु मंडळी, परीक्षा येथे संपत नाही, आणि माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा येथेच आहे. पहिल्या ओळीच्या शेजारी दुसरी ओळ लावावी लागते. तिच्यात तोच रक्तरस, तशाच पेशी, पण रक्तरस पातळ करण्याच्या द्रवात आधीच मोकळे फ्रॅक्शन-१ मिसळलेले. रक्तरसातील प्रतिपिंड खरोखर फ्रॅक्शन-१ विरुद्धचा असेल, तर त्याचे हात त्या मोकळ्या प्रतिजनात गुंततील आणि चटईच्या जागी बटण दिसू लागेल. पहिल्या ओळीतील चटई दुसऱ्या ओळीतही जशीच्या तशी राहिली, तर पेशी चिकटण्याचे कारण काही तरी निराळे आहे. माणसाच्या रक्तात मेंढीच्या पेशींनाच धरणारी द्रव्ये पुष्कळदा असतात, म्हणून कोऱ्या पेशींचीही एक ओळ ठेवतात. दुसरी ओळ लावायला वेळ लागतो, शुद्ध प्रतिजन खर्ची पडते आणि नमुने हजारोंनी येत असतील तर काम दुप्पट होते. पण तिच्यावाचून 'पॉझिटिव्ह' हा शब्द अर्धवट आहे.

यानंतर थोडे स्वतःविषयी बोलण्याची परवानगी घेतो.

१९९४ मध्ये मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझे मामा लिंबायतला राहून यंत्रमागावर काम करीत. २३ सप्टेंबरच्या रात्री ते मामी आणि दोन मुलींसह गाडीत चढले आणि अमळनेरजवळच्या आपल्या गावी पोहोचले. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला. सुरतेहून आलेला माणूस आणि अंगात ताप, एवढे गावाला पुरे होते. आरोग्य पथक आले, गोळ्या दिल्या, रक्त घेऊन गेले. ताप दोन दिवसांत उतरला. तीन आठवड्यांनी एक चिठ्ठी आली. तिच्यावर नाव, वय, तारीख आणि 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द. ती कोणत्या कचेरीतून आली हे मी सांगणार नाही, कारण त्या दिवसांत रात्रंदिवस राबणाऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याची माझी इच्छा नाही. पण त्या एका शब्दाने मामींना विहिरीवर निराळी वेळ नेमून दिली. थोरल्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. सुरतेला परतल्यावर मागाच्या मालकाने हिशेब करून मामांना मोकळे केले. मामा नंतर तीस वर्षे धडधाकट जगले आणि या सर्व काळात 'प्लेगवाले' हे नाव त्यांना चिकटून राहिले.

मी पुढे पुण्यातील एका प्रयोगशाळेत गेलो. तेथे माझे काम ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरवर होते. पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसून कोणते जनुक केव्हा उघडावे हे ठरविणारी ही प्रथिने. त्यांपैकी एनएफ-कप्पा-बी हे एक प्रसिद्ध प्रथिन १९८६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन या भारतीय संशोधकाने शोधले. माझा प्रबंध त्याच कुळातील पी-६५ नावाच्या घटकावर होता. हे कारभारी पेशीत अत्यल्प असतात. त्यामुळे त्यांना हुडकण्यासाठी जो प्रतिपिंड वापरावा, तो वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्याच मुबलक प्रथिनाला किंचित जरी धरू लागला, तरी पट्टीवर त्या परक्याचीच रेघ ठळक उठते. शिवाय या प्रथिनांची कुळे मोठी, चेहरे सारखे. म्हणून अशा प्रतिपिंडासोबत एक लहान कुपी मिळते. तिच्यात ज्या पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या तुकड्याविरुद्ध तो प्रतिपिंड बनविला, तोच तुकडा असतो. याला ब्लॉकिंग पेप्टाइड म्हणतात. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी अशा साखळ्या घन कणांवर एकेक मणी ओवून बनविण्याची पद्धत काढली, त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून कोणताही तुकडा मागणीबरहुकूम बनू लागला. प्रतिपिंडात तो तुकडा आधी मिसळायचा, हात भरून टाकायचे आणि मग तीच पट्टी पुन्हा काढायची. जी रेघ नाहीशी होईल ती खरी, जी राहील ती परकी.

माझ्या पट्टीवर दोन रेघा येत. एक योग्य वजनाची, दुसरी बरीच खाली. मी पेप्टाइड घालून पुन्हा पट्टी काढली. दोन्ही रेघा गेल्या! मला वाटले, दोन्ही पी-६५ च्याच. खालची म्हणजे त्याचा तुटलेला भाग. तसे लिहूनही टाकले. माझ्या मार्गदर्शकांनी कागद परत केला आणि शांतपणे विचारले, "दोन्ही गेल्या, यावरून काय सिद्ध झाले?" सरांचा 'कशावरून?' निराळ्या मुखातून ऐकू आला. मी गप्प राहिलो. खरे उत्तर असे होते, की प्रतिपिंडाने दोन्ही रेघांना आपल्या त्याच हातांनी धरले होते, एवढेच सिद्ध झाले. परक्या प्रथिनात त्या तुकड्याशी मिळताजुळता तुकडा असेल, तर पेप्टाइड त्याचीही रेघ पुसणार. पेप्टाइड पकड ओळखते, व्यक्ती ओळखत नाही. पुढे पी-६५ चे जनुकच काढून टाकलेल्या उंदराच्या पेशी आम्ही मिळविल्या. त्यांच्या पट्टीवर वरची रेघ नव्हती, खालची मात्र ठसठशीत उभी होती. माझ्या प्रबंधातील एक प्रकरण त्या दिवशी संपले. २०१६ मध्ये प्रतिपिंडांची सत्यता कशी तपासावी याविषयी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'नेचर मेथड्स'मध्ये पाच मार्ग सुचविले. जनुक काढून पाहणे त्यांत आहे, प्रतिपिंडाशी संबंध नसलेल्या स्वतंत्र पद्धतीशी ताडून पाहणेही आहे. ब्लॉकिंग पेप्टाइडला त्यांत स्वतंत्र स्थान नाही. ते वाचताना मला माझी खालची रेघ आठवली.

त्या प्रसंगानंतरच मी सुरतच्या प्रश्नाकडे पुन्हा वळलो. हजारो मैल दूरच्या प्रयोगशाळांतून येणारी ती लहान कुपी आणि प्लेगच्या परीक्षेतील दुसरी ओळ या मुळात एकच आहेत, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. दोन्हींची ताकद सारखी आणि दोन्हींची मर्यादाही सारखी. प्लेगच्या परीक्षेत दुसऱ्या ओळीला जो अर्थ आहे, तो फ्रॅक्शन-१ सारखे प्रथिन इतर जंतूंत सहसा आढळत नाही म्हणून. नुसत्या पुसल्या जाण्याला अर्थ नाही. शिवाय लागण कधी झाली, हे एकट्या नमुन्यावरून ती सांगू शकत नाही. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना घेऊन चढउतार पाहावा लागतो. त्या धावपळीत किती जणांचा दुसरा नमुना घेता आला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मग अखेर निर्णय कसा झाला? जंतूच्या जनुकांवरून झाला. ऑक्टोबर १९९४ मध्ये केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिने १९९५ मध्ये दिलेल्या अहवालात बीड आणि सुरत येथील साथी प्लेगच्याच होत्या, असा निष्कर्ष काढला. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील एच. व्ही. बात्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू वेगळे करून ओळखल्याचे, तसेच दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एस. के. पांडा आणि सहकाऱ्यांनी सुरत व बीड येथील जंतूंची डीएनएच्या पातळीवर ओळख पटविल्याचे निबंध १९९६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एकाच अंकात प्रसिद्ध झाले. ज्या जंतूला अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्रथम पाहिले, तो बरोबर शंभर वर्षांनी तापीकाठी होता, याविषयी माझ्या मनात आता शंका नाही. शंका घेणारे चुकले असेही मी म्हणणार नाही. त्यांनी शंका घेतली नसती, तर जंतूच्या जनुकांपर्यंत जाण्याची निकड कोणाला वाटली असती की नाही, कोण जाणे.

तोवर शहर पार बदलले होते. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि १९९६ मध्ये इन्टॅकच्या पाहणीत सुरत देशातील स्वच्छतेत दुसऱ्या क्रमांकाचे शहर ठरले. ती कथा आपण सर्वजण अभिमानाने सांगतो, म्हणून मी तिच्यात अधिक वेळ घालवीत नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचलात सिमला जिल्ह्यातील एका खेड्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले आणि चौघे दगावले. त्या वेळी जंतूची ओळख अल्पावधीत पटली, गाड्यांच्या टपावर कोणी बसले नाही. मादागास्करमधील अनुभवावरून तयार झालेली, फ्रॅक्शन-१ थेट रुग्णाच्या नमुन्यात शोधणारी कागदी पट्टी तर पाव तासात उत्तर देते.

आता 'शहराला प्लेग होता' आणि 'माझ्या मामाला प्लेग होता' ही दोन निरनिराळी विधाने आहेत, याकडे लक्ष वेधतो. पहिले सिद्ध झाले म्हणून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांनी हा भेद केला नाही, गावाने तर नाहीच नाही. मी स्वतःही पुष्कळ वर्षे केला नाही. मामांच्या अंगावर गाठ नव्हती, थुंकीत रक्त नव्हते, ताप दोन दिवसांचा होता. खानदेशात त्या ऋतूत हिवताप काही दुर्मिळ नाही.

मामा गेले त्याच्या आदल्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. ओट्यावर बसून मी त्यांना खळगे, चटई, बटण, दुसरी ओळ हे सगळे समजावून सांगितले. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला नमुन्याशी नमुना ताडणे शिकवावे लागत नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग माले प्लेग व्हता का नही?"

मी म्हणालो, "मामा, त्या चिठ्ठीवरून सांगता येत नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मामींना हाक मारून त्यांनी ट्रंकेतली चिठ्ठी मागवली आणि माझ्या हातात दिली. आज ती मी सरांच्या वहीबरोबर येथे आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे. कागद पिवळा पडला आहे, शिक्का पुसट झाला आहे, 'पॉझिटिव्ह' हा शब्द मात्र स्पष्ट वाचता येतो. त्याखाली दुसऱ्या ओळीच्या निकालासाठी छापलेली जागा आहे. ती कोरी आहे.